बाबांच्या जीपचे एक्सल

आमच्या घराजवळ कोणी गाडी मागे घेत असेल तर बाबा उठून आत जातात. लहानपणापासून मी ते पाहत आले होते, पण त्यामागे काही कारण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काही लोकांना मांजर सहन होत नाही, तशी बाबांना मागे येणारी गाडी सहन होत नाही, एवढंच. त्यात आम्ही राहतो भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. शेतांची गोदामं होऊन बरीच वर्षं झाली. घराच्या तिन्ही बाजूंना गाळे आहेत आणि गाळ्यांना दिवसभर कंटेनर लागतात. कंटेनर मागूनच लावावा लागतो. त्यामुळे सकाळपासून पीं-पीं-पीं चालू असतं, आणि मागे उभा असलेला माणूस पत्र्यावर थापा मारत ओरडत असतो, "आने दे, आने दे, आने दे... बस!" बाबा तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतात. 'बस' ऐकू आलं की कमी करतात.

माझा मोठा भाऊ, दादा, रविवारी मित्रांबरोबर डोंगरात जीप चढवायला जातो. दगड, ओढे, चिखल, जिथे रस्ता नाही तिथेच मुद्दाम जायचं. गेल्या हिवाळ्यात एका घळीत त्याच्या जीपचा मागचा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे दोन चाकांच्या मधली ती जाड लोखंडी नळी, जिला मधे भोपळ्यासारखा फुगवटा असतो. इंजिनाची ताकद त्या फुगवट्यातल्या दातेरी चाकांतून दोन्ही बाजूंना जाते. मित्र म्हणाले, आताच्या गाड्यांना असलं हलकंच लोखंड येतं, जुन्या जीपचे एक्सल बसव, ते जन्मात तुटायचे नाहीत.

जुनी जीप आमच्याकडे होती. ती दिघाशीला, आमच्या उरलेल्या एका शेतात, ताडपत्रीखाली उभी होती. मी तिला कधी चालताना पाहिलं नव्हतं. बाबा पूर्वी त्या जीपमधून दिघाशी ते भिवंडी माणसं ने-आण करत, हे ऐकून माहीत होतं. त्यांनी ते का सोडलं, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात मी फारसं काही विचारत नाही.

दादाने जेवताना विषय काढला.

"बाबा, ती शेतावरची जीप नुसती सडते हाय. तिचे एक्सल घेऊ का?"

आईचा हात भातवाढीवरच थांबला. बाबांनी घास संपवला.

"घे," ते म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही घे. लोखंड चांगला हाय."

जेवण झाल्यावर आई मला मागच्या मोरीत भांडी विसळायला घेऊन गेली. घरात बाई भांडी घासते, त्यामुळे काहीतरी सांगायचं आहे हे मला कळलं. नळ मोठा सोडून तिने सांगितलं. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, तापाने गेले असं मला सांगितलं होतं. ते तापाने गेले नव्हते. मी तीन वर्षांची होते. दिघाशीच्या जुन्या घराच्या अंगणात बाबा जीप मागे घेत होते आणि काका मागे उभे राहून 'येऊ दे, येऊ दे' करत होते. चाकाच्या वाटेत काहीतरी होतं, एखादा दगड असेल, ते उचलायला काका वाकले. बाबांना कळलं नाही. त्यानंतर बाबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. जीप चार माणसांनी ढकलून शेतात नेली, तीसुद्धा मागे-मागेच, कारण वाटेवर वळवायला जागा नव्हती.

"आता तीच चाकं पोराच्या गाडीला लावायची," आई म्हणाली. "आणि हे म्हणतात घे."

भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतला बावीस वर्षांचा माणूस मी रोज पाहत होते. त्या रात्रीपासून मी त्या खोलीतून थोडी घाईने जाऊ लागले.

एक्सल काढायच्या दिवशी मी आणि आई दादाबरोबर दिघाशीला गेलो. दादाने वेल्डिंगचं काम करणारे मिस्त्री सोबत घेतले होते. ताडपत्री ओढल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते हे की जीपखाली गवत नव्हतं. सावलीत गवत उगवत नाही, हे कारण मला माहीत आहे. पण कडेला ताडपत्रीच्या बाहेरसुद्धा, मागच्या बाजूला, माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती. दादाला मी दाखवलं नाही. त्याने आणि मिस्त्रींनी जॅक लावून मागची बाजू उचलली. वीस वर्षं उभी असलेली चाकं गंजून जाम झाली असतील, हातोड्याने ठोकावी लागतील, असं मिस्त्री वाटेत सांगत आले होते. त्यांनी नुसता हात लावला आणि चाक फिरलं. आवाज न करता फिरलं आणि बराच वेळ फिरत राहिलं.

"ग्रीस अच्छा डाला था किसीने," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी हात पँटला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

आईने तोवर पलीकडच्या पाड्यावरच्या भगताला बोलावून आणलं होतं. आमच्या आजोबांपासून शेतातलं काही असलं की त्यांनाच विचारतात. बारीक, म्हातारे, डोक्याला टॉवेल. त्यांनी जीपला हात लावला नाही. तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मागे, त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे थांबले.

"भुकेली न्हाय ही," ते म्हणाले. "इसरली हाय."

"काय विसरली?" दादाने हसू दाबत विचारलं.

"पुढं जायाचा. हिचा शेवटचा चालना मागं हाय. मानूस घेतला तवा मागं, हितं आनली तवा बी मागं. लोखंडाला तेवढाच ठावं."

त्यांनी सांगितलं ते असं: एक्सल दुसऱ्या गाडीला बसले की ती गाडी पहिल्यांदा चालेल तेव्हा पुढे गेली पाहिजे. आणि ज्याच्या हातून झालं त्याने, जो गेला त्याच्या जागी, गाडीच्या मागे उभं राहून तिला पुढे जा म्हणून सांगितलं पाहिजे. येत्या मंगळवारी, ऊन डोक्यावर यायच्या आत. पुढे अमावस्या होती.

आई म्हणाली, असलं काही नको, बाबांना तिथे उभं करायचं नाही. दादा म्हणाला, "अगं गाडी पुढं जानार, हे मागं. भीती कसली त्यात? उलट बाबांच्या मनातला जाईल."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उभा राहीन." ते इतक्या लगेच म्हणाले की मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, एखादं बोलावणं आल्यासारखा. मला ते बरं वाटलं नाही. आईलाही वाटलं नसावं, कारण त्या रात्री ती दोनदा उठून ते झोपलेत का हे बघून आली.

आमचा एक गाळा तेव्हा रिकामा होता. मिस्त्रींनी त्याच्यासमोरच्या अंगणात काम मांडलं. भिवंडीत निजामपुऱ्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, लूमचे मोडके पार्ट जोडण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. मी चहा घेऊन जायची आणि थोडा वेळ शटरजवळ उभी राहायची. जुने एक्सल घासून काढल्यावर काळे-निळे दिसत होते. पण ते सरळ बसेनात. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचा तो भोपळा डाव्या अंगाला होता आणि दादाच्या जीपच्या इंजिनाकडून येणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, उजव्या अंगाला. दोन दिवस त्यांनी मापं घेतली. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा शाफ्ट जोडलेला होता. मिस्त्रींनी एक्सल पालथा घातला होता. खालची बाजू वर केली की डावीकडचा भोपळा आपोआप उजवीकडे येतो. स्प्रिंगचे आधार कापून दुसऱ्या बाजूला वेल्ड केले की झालं.

भोपळ्यावर ओतीव इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. मी वाकून पाहिले. सगळे उलटे होते. शाळेत आम्हाला वही उलटी धरली तरी छडी मिळायची, म्हणून असेल, ते मला बोचलं. मी मनात वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं.

"अक्षरं उलटी आहेत," मी म्हणाले.

दादा गाडीखालून ओरडला, "मग? पुस्तक हाय का ते? वाचायचाय तुला?"

मिस्त्री हसले. "बेटी, लोहा है. लोहे का क्या सीधा, क्या उलटा."

मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं आणि त्या दोघांना सगळं कळत होतं. मी कप गोळा करून निघाले. निघताना वेल्डिंगचं लोखंड निवत होतं, टक, टक, टक, कोणी पत्र्यावर बोटाने वाजवावं तसं. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

मंगळवारी दहा वाजेपर्यंत वेल्डिंग चालू होतं. मिस्त्री म्हणाले, "एक बार जॅक पे उठा के चाक घुमा के देख लेते हैं." भगत गाळ्याच्या दारात सावली बघत बसले होते. ते म्हणाले, "ऊन चढला." आई म्हणाली, करायचं तर उरका लवकर. दादा म्हणाला, "नंतर बघू, मिस्त्री. एवढी पंधरा फूट तर न्यायची हाय." पुढचा शाफ्ट अजून जोडला नव्हता, त्यामुळे ताकद फक्त मागच्या चाकांना जाणार होती. सगळं माझ्यासमोर बोललं गेलं.

बाबा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आले. चपला त्यांनी दूर काढल्या. भगतांनी चाकांवर पाणी आणि थोडी दारू शिंपडली आणि बाबांना जीपच्या मागे चार पावलांवर उभं केलं. मागे गाळ्याची भिंत होती. अंगणाला गेटपासून भिंतीकडे थोडा उतार आहे. मी जीपच्या डाव्या बाजूला, आईपासून थोडी पुढे होते. बाजूच्या गाळ्यात कंटेनर लागलेला नव्हता. एवढी शांतता आमच्याकडे नसते.

"सांग तिला," भगत म्हणाले.

बाबांनी हात जोडले. "पुढं जा," ते म्हणाले. "पुढं जा. पुढं जा."

दादाने इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. जीप थरथरली आणि मागे आली.

चालत्या माणसाच्या गतीने आली. दादाला वाटलं, उतारामुळे घरंगळतेय, म्हणून त्याने आणखी रेस दिली. ती आणखी जोरात मागे आली. आई किंचाळली, पण इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. मी बाबांकडे पाहत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. एक पाऊल पुरलं असतं. त्यांचे अनवाणी पाय कोब्यावर शेजारी-शेजारी होते आणि ते हलले नाहीत. जोडलेले हात त्यांनी सोडले होते, आणि बोटं आत वळवत ते जीपला बोलावत होते. ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे."

मी जीपच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थाप मारली आणि ओरडले, "बस!"

माझा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. दादा जन्मभर हेच ऐकत आलाय. थाप आणि 'बस'. विचार करायच्या आधी त्याचा पाय ब्रेकवर गेला. इंजिन गचका देऊन बंद पडलं. मागे लटकवलेली स्टेपनी बाबांच्या छातीला टेकली होती. ते बाजूला झाले तेव्हा पांढऱ्या शर्टावर टायरच्या नक्षीचा काळा अर्धा गोल होता.

पुढचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. दादा रडकुंडीला आला होता आणि शिव्या देत होता. मिस्त्री जीपखाली गेले, आणि खालूनच त्यांनी कपाळावर हात मारलेला ऐकू आला. एक्सल पालथा घातला की आतलं मोठं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला जातं आणि गाडीची चाकं उलटी फिरतात. चाळीस वर्षांच्या कामात त्यांनी हे फक्त ऐकलं होतं.

"अब तो पाँच गिअर रिव्हर्स के हैं," ते बाहेर येऊन म्हणाले, "और आगे जाने का एक." आणि घाबरलेली माणसं हसतात तसे सगळे हसले. आईसुद्धा हसली. कारण सापडलं होतं. भगत हसले नाहीत. "म्या बोल्लो व्हतो," एवढंच म्हणून ते टॉवेल झटकून उठले.

मी काय ऐकलं ते मी कोणाला सांगितलं नाही. बाकीच्यांच्या लेखी बाबा घाबरून जागीच थिजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टीव्हीसमोर एकटे होते. मी जाऊन शेजारी बसले.

"बाबा, तुम्ही बाजूला का नाही झालात?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "त्याचा आवाज आला."

"काकांचा?"

"तवा पन आलेला. सगली बोलली, तो वाकला व्हता, तो बोललाच न्हाय. पन मला आवाज आला. येऊ दे, बोलला. म्हनून तर मी घेतली मागं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काल पन आला."

मला वाटलं, खरं सांगितलं तर बरं होईल. असं मला नेहमी वाटतं आणि मी सहसा सांगत नाही. या वेळी सांगितलं.

"बाबा, काल तो तुमचाच आवाज होता. तुम्हीच म्हणत होतात. मी ऐकलं."

मग त्यांनी अगदी साध्या स्वरात, रस्ता विचारावा तसं विचारलं, "मंग तवा पन माझाच असंल?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बाहेर कोणतीही गाडी मागे येत नव्हती.

त्यानंतर त्यांनी जेवण कमी केलं. सकाळी उठून ते गाळ्याकडे जायचे आणि जीपच्या मागे, त्याच जागी, उभे राहायचे. मिस्त्रींना वाटायचं काम बघायला आलेत. मिस्त्रींनी एक्सल परत सुलटा केला होता. या वेळी त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून लांबी बदलून भोपळा उजवीकडे आणत होते. त्याला पाच दिवस लागले. रोज बाबा विचारायचे, "कदी व्हईल?" आई मला म्हणाली, "ह्यांना त्या जीपमागून काढ. मला जमत न्हाय. तुझं ऐकतात." ते माझं ऐकतात हे मला नवीन होतं.

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी जीप जॅकवर उचलून चाकं फिरवून दाखवली. पहिल्या गिअरला पुढे. रिव्हर्सला मागे. दादाने तीनदा करायला लावलं. भगत आले होते. बाबा चपला काढून जागेवर जाऊन उभे राहिले.

"न्हाय," दादा म्हणाला. "बाबा, ह्या टायमाला मागं कोनी उभा रहायचा न्हाय."

"मंग झाला न्हाय म्हना," बाबा म्हणाले. "मंग परत कदी करायचा? मी हाय ना उभा."

"मी उभी राहते," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "येडी झालीस का?" मी भगतांना विचारलं, "चालेल ना?" त्यांनी माझ्याकडे आणि बाबांकडे पाहिलं.

"रगत तेच हाय," ते म्हणाले. "चालंल."

बाबा हलेनात. मी त्यांचा दंड धरला. दंड हलका होता. मी त्यांना गाळ्याच्या ओट्यापर्यंत नेलं आणि आईजवळ बसवलं. मग परत येऊन जीपच्या मागे उभी राहिले. मलाही चपला काढाव्या लागल्या. कोबा सकाळचा गार होता, पण त्यांचे पाय जिथे होते ती जागा गरम होती. आत्ताच ते तिथे उभे होते म्हणून गरम असणार. स्टेपनीचा टायर माझ्या तोंडासमोर होता. त्या नक्षीत पांढरा धागा अडकला होता, शर्टाचा. मी तीनदा 'पुढे जा' म्हटलं. आवाज माझाच आहे ना, हे मी लक्ष देऊन ऐकलं.

दादाने क्लच सोडला. जीप पुढे गेली. अगदी साधी, कोणतीही गाडी जाते तशी, गेटच्या दिशेने चढत गेली.

तेव्हा बाबा ओट्यावरून उठले.

"सरक!" ते ओरडले. "बाजूला सरक! सरक!"

जीप गेटपाशी पोचली होती. माझ्यासमोर पंधरा फूट रिकामा कोबा होता. आई त्यांना धरून म्हणत होती, "अवो गेली गाडी, पुढं गेली, बघा तरी." ते गाडीकडे बघतच नव्हते. ते मी उभी होते त्या जागेकडे बघत होते आणि गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडत होते, "सरक, अरं सरक!" दादाने गेटमध्ये ब्रेक लावला. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मी सांगणार होते की बाबा, मी ठीक आहे, गाडी गेली. मग माझ्या लक्षात आलं की गाडी गेलेली मला दिसते आहे, त्यांना नाही; त्यांना माझ्या जागी काका दिसत होते आणि गाडी अजून मागेच येत होती.

मी डावीकडे एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

ते थांबले. त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग खाली बसले आणि आईकडे पाणी मागितलं.